रात्री एकाच जागेवर अनेक केंद्रं: मध्यम लहरींचा हिशेब

(सेलू, जि. वर्धा इथल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली लय शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



महाराष्ट्रात सेलू नावाची तालुक्याची गावं दोन आहेत. एक हे आपलं, वर्धा जिल्ह्यातलं. दुसरं परभणी जिल्ह्यातलं. सरळ रेषेत मोजलं तर दोघांमध्ये पावणेतीनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. रोजच्या व्यवहारात याचा कुणाला त्रास होत नाही. वर्ध्याच्या बसस्थानकावर ‘एक सेलू द्या’ म्हटलं की कंडक्टर इथलंच तिकीट फाडतो. परभणीत तेच म्हटलं तर तिथलं. गोंधळ होतो तो लांबून आलेल्या पत्राचा. म्हणून १९७२ साली पिनकोड आला. आपला ४४२ने सुरू होतो, त्यांचा ४३१ने. पत्र बरोबर घरी येतं.

रेडिओच्या मध्यम लहरींवर, म्हणजे ज्याला आपण मीडियम वेव्ह म्हणतो तिथे, अशीच एका नावाची अनेक गावं आहेत. एकाच आकड्यावर दोन, पाच, दहा केंद्रं बोलत असतात. फरक एवढाच की तिथे पिनकोड नाही. तुमच्या रेडिओला फक्त आकडा कळतो. त्या आकड्यावर जे जे येईल ते सगळं तो आत घेतो.

मग दिवसभर आपल्याला एकच केंद्र कसं ऐकू येतं? आणि रात्री नऊ-दहा वाजता त्याच आकड्यावर मागून कुणीतरी परक्या भाषेत बोलतंय, गाणं हेलकावे खातंय, असं का होतं? पुष्कळांना वाटतं सेल उतरले, किंवा रेडिओ बिघडला. बहुतेक वेळा रेडिओ ठणठणीत असतो. बदललेलं असतं ते आकाश. आजचा विषय हाच आहे.

जागा किती आणि मागणारे किती

आधी हिशेब मांडू. आशिया, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात मध्यम लहरींची पट्टी ५३१ किलोहर्ट्झला सुरू होते आणि १६०२ला संपते. दर ९ किलोहर्ट्झला एक जागा. ५३१, ५४०, ५४९ असं मोजत गेलात तर एकूण १२० जागा भरतात. बस, एवढ्याच. अमेरिकेत ही पायरी १० किलोहर्ट्झची आहे, त्यामुळे त्यांचे आकडे वेगळे असतात.

आपलं नागपूर केंद्र ५८५वर. म्हणजे या रांगेत सातवी जागा. मुंबईचं ‘अ’ केंद्र १०४४वर, पुणे ७९२वर, सांगली १२५१वर, जळगाव ९६३वर. यातला कुठलाही आकडा घ्या आणि नऊने भाग द्या, बाकी शून्य उरते. ५८५ भागिले ९ बरोबर ६५. हा योगायोग नाही. १९७५ साली जिनिव्यात अनेक देश बसले आणि कुणी कुठल्या जागेवर, किती शक्तीने, कुठल्या दिशेने बोलायचं याची यादी केली. २३ नोव्हेंबर १९७८पासून ती लागू झाली. एकमेकांच्या जागा अर्धवट झाकणारे वेडेवाकडे आकडे तेव्हा गेले आणि सगळ्यांनी नऊच्या पाढ्यात उभं राहायचं ठरलं.

आता जागा १२० आणि केंद्रं हजारोंनी. प्रत्येकाला स्वतंत्र जागा मिळणं शक्यच नव्हतं. त्यामुळे वाटून घेणं हा मध्यम लहरींचा अपवाद नाही, तो पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे. आपल्याकडचंच उदाहरण बघा. ११४३ किलोहर्ट्झ ही जागा कोकणातल्या रत्नागिरीची, आणि हरियाणातल्या रोहतकचीही. दोन्ही आकाशवाणीचीच केंद्रं. मध्ये साडेतेराशे किलोमीटर आहेत. आपल्या ५८५वर सौदी अरेबियातलं रियाध, स्पेनमधलं माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातलं पर्थ अशी केंद्रं चालत आली आहेत. एकच घर, पण खोल्या खंडाखंडावर.

एएमवर दोघंही का ऐकू येतात

एएम म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो. केंद्र सतत एक लहर सोडत असतं. तिला वाहक लहर म्हणतात. नागपूरची वाहक लहर सेकंदाला ५ लाख ८५ हजार वेळा कंप पावते. निवेदक बोलला की त्याच्या आवाजाप्रमाणे या लहरीची उंची कमी-जास्त होते. कंपांची संख्या तीच, उंची बदलते. रेडिओ ती उंची मोजतो आणि त्याचा परत आवाज करतो. काम अगदी सोपं आहे. म्हणूनच पूर्वी पोरंसोरं एक डायोड, एक गुंडाळी आणि कानाला लावायचा हेडफोन एवढ्यावर रेडिओ बनवायची.

पण या सोपेपणाची किंमत आहे. एकाच आकड्यावर दोन लहरी आल्या की रेडिओ दोघींची बेरीज करतो. कोण आपलं आणि कोण परकं, हे त्याला कळत नाही. एफएमचं तसं नाही. तिथे दोनपैकी जो सिग्नल बऱ्यापैकी जोरदार असतो, त्याला रेडिओ धरतो आणि दुसऱ्याला दाबून टाकतो. एएममध्ये दुर्बळ आवाजही मागे कुजबुजत राहतो.

हा दोषच आहे असं समजू नका. विमानाचे वैमानिक आणि विमानतळाचा नियंत्रण कक्ष आजही एकमेकांशी एएमवर बोलतात. त्याला इतिहास आहे, पण एक फायदाही आहे. दोन वैमानिक एकदम बोलले तर नियंत्रकाला कळतं की दोघं बोलतायत. एफएम असतं तर एकाचं बोलणं पूर्ण गिळलं गेलं असतं, आणि दुसरा कुणी होता हे कळलंही नसतं.

आता त्या हेलकाव्याकडे येऊ. दोन केंद्रांचा आकडा कागदावर तोच असला तरी प्रत्यक्षात किंचित फरक असतो. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे १० हर्ट्झ इकडेतिकडे चालतं. समजा एक केंद्र बरोबर ११४३ किलोहर्ट्झवर आहे आणि दुसरं त्याच्यापेक्षा २ हर्ट्झने वर. मग दोन्ही लहरी सेकंदाला दोनदा जुळतात आणि दोनदा एकमेकींना छेदतात. ऐकणाऱ्याला आवाज सेकंदाला दोनदा फुगल्यासारखा आणि बसल्यासारखा वाटतो. देवळात दोन घंटा जवळजवळ एकाच स्वराच्या असतील तर त्यांचा नाद कसा लाटांनी येतो, तसं. आणि शेजारच्या जागेवरचं केंद्र डोकावलं तर फरक ९ किलोहर्ट्झचा असतो. त्याची बारीक शीळ ऐकू येते. हेलकावा आला तर भाडेकरू त्याच खोलीतला, शीळ आली तर शेजारच्या खोलीतला. एवढी खूण लक्षात ठेवा.

दिवसाचा नकाशा

दिवसा मध्यम लहरी जमिनीला धरून चालतात. नागपूरच्या मनोऱ्यातून निघालेली लहर जमिनीच्या पाठीवरून पसरते आणि जमीन तिची शक्ती हळूहळू पिते. जमीन विजेची जितकी चांगली वाहक, तितकी लहर लांब जाते. समुद्राचं खारं पाणी सगळ्यात चांगलं. ओलसर, चिकण काळी माती बरी. कोरडा खडक आणि रेती वाईट. आकडाही महत्त्वाचा. पट्टीच्या खालच्या टोकाच्या लहरी जमिनीवरून लांब जातात, वरच्या टोकाच्या लवकर दमतात. नागपूरला ५८५ ही खालच्या टोकाची जागा आणि ३०० किलोवॅटची शक्ती मिळाली. त्यामुळे दिवसा हे केंद्र विदर्भाच्या मोठ्या भागात पोचतं. सेलू तर नागपूरपासून सरळ रेषेत ५५ किलोमीटरच्या आत. इथे ते अगदी दारात उभं राहून बोलल्यासारखं येतं.

आणि रियाध? ते दिवसा कुठे जातं? तेही बोलत असतं. पण जमिनीवरची लहर काही तीन हजार किलोमीटर चालून येत नाही. आणि जी लहर आकाशाकडे जाते, तिला वर एक थर गिळून टाकतो. जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटरवर हा थर असतो. सूर्याच्या प्रकाशाने तिथल्या विरळ हवेत विद्युतभारित कण तयार होतात आणि मध्यम लहर त्यांच्यातून जाताना खलास होते. दिवसा सूर्य जणू सगळ्या केंद्रांना आपापल्या अंगणात ठेवतो.

रात्रीचा नकाशा

सूर्य मावळला की हा खालचा थर बघता बघता विरतो. पण त्याच्या वर, शंभर किलोमीटरवर आणि अडीचशे-तीनशे किलोमीटरवर, आणखी थर असतात. ते रात्रीही काही प्रमाणात टिकतात. या सगळ्या पट्ट्याला मराठीत आयनांबर म्हणतात. लहर आता तिथपर्यंत पोचते आणि आरशावरून परतावी तशी खाली येते. एका उडीत दोन हजार किलोमीटरपर्यंत जाते. मग जमिनीवरून परत वर, पुन्हा खाली.

हे नुसतं अनुमान नाही. १९०२ साली अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी असा थर असावा असं सुचवलं. १९२४च्या डिसेंबरात अ‍ॅपलटन यांनी बीबीसीचा बोर्नमथचा ट्रान्समीटर रात्री कार्यक्रम संपल्यावर वापरून त्याची उंची मोजली. त्यांना १९४७चं नोबेल मिळालं. आपल्याकडे कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र यांनी आयनांबराच्या अभ्यासाची मोठी शाळाच उभी केली. वातावरणाच्या वरच्या थरांवरचा त्यांचा ग्रंथही १९४७चाच, आणि तो जगभर वापरला गेला.

तर रात्री काय होतं? ज्या भिंती सूर्याने दिवसभर उभ्या ठेवल्या होत्या, त्या पडतात. रत्नागिरीला रोहतक ऐकू येऊ शकतं आणि रोहतकला रत्नागिरी. एका जागेवरचे सगळे भाडेकरू एका दालनात येतात. प्रत्येक केंद्राचे असे दोन नकाशे असतात. दिवसाचा नकाशा जमीन ठरवते. रात्रीचा नकाशा आकाश आणि तुमचे दूरचे शेजारी ठरवतात. केंद्राबद्दल काहीही ठरवायचं असेल तर हे दोन्ही नकाशे समोर ठेवायला हवेत. आज मला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच.

वाटून घ्यायच्या तऱ्हा

मग एवढे लोक एका जागेवर नांदतात कसे? अभियंत्यांनी पाच तऱ्हा शोधल्या.

पहिली, अंतर. एका आकड्याची केंद्रं एकमेकांपासून लांब ठेवायची. किती लांब? नियोजन करताना असा अंदाज धरतात की आपल्या केंद्राचा सिग्नल परक्यापेक्षा ३० डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या भाषेत हजारपट जास्त हवा. तेव्हा कुठे ऐकणाऱ्याला त्रास होत नाही. ज्या रेषेपर्यंत हे प्रमाण टिकतं, ती त्या केंद्राची रात्रीची हद्द.

दुसरी, शक्ती. जिनिव्याच्या योजनेत १४८५, १५८४ आणि १६०२ या तीन जागा छोट्या केंद्रांसाठी ठेवल्या. तिथे शक्ती फार तर १ किलोवॅट. या चाळीतल्या खोल्या आहेत. भाडेकरू भरपूर, पण सगळ्यांनी हळू बोलायचं. आपलं सोलापूर केंद्र १६०२वर, १ किलोवॅटचं. शहरात आणि आसपास छान, रात्री थोडं बाहेर गेलं की गर्दी.

तिसरी, दिशा. एकाऐवजी दोन-चार मनोरे उभे करून त्यांना अशा रीतीने वीज द्यायची की लहर एका बाजूला जास्त जाईल आणि ज्या बाजूला दुसरा भाडेकरू आहे तिकडे कमी.

चौथी, वेळ. ही सगळ्यात जुनी. अमेरिकेत १९२२ साली करमणुकीच्या सगळ्या केंद्रांना मिळून ३६० मीटर ही एकच जागा होती. एका गावातली केंद्रं आपसात तास वाटून घेत. तू संध्याकाळी, मी रात्री. जमलं तोवर जमलं. १९२६ साली एका खटल्यात निकाल लागला की केंद्रांना जागा ठरवून देण्याचा अधिकार सरकारला नाही. लगेच ज्याला जी आवडेल ती जागा त्याने धरली, शक्ती वाढवली, आणि श्रोत्यांच्या कानी नुसती शिट्ट्यांची जत्रा आली. शेवटी फेब्रुवारी १९२७मध्ये नवा कायदा करावा लागला. आजही तिथली कित्येक केंद्रं सूर्य मावळताना बंद होतात किंवा आवाज उतरवतात. घड्याळ नाही, पंचांग बघून! कारण महिन्यागणिक सूर्यास्त बदलतो.

पाचवी तऱ्हा म्हणजे एका सुरात गाणं. दोन्ही ट्रान्समीटरवरून तोच कार्यक्रम द्यायचा आणि दोघांच्या वाहक लहरी तंतोतंत जुळवायच्या. बीबीसीने ६९३ आणि ९०९ या दोन आकड्यांवर अनेक ट्रान्समीटर लावून एकच कार्यक्रम देशभर दिला, तो असाच. इथे अचूकपणा किती लागतो बघा. ११४३ किलोहर्ट्झमध्ये १ हर्ट्झचा फरक म्हणजे सुमारे सव्वातेरा दिवसांत एक सेकंद चुकणारं घड्याळ. घरातलं घड्याळ इतकं नेमकं असेल तर आपण खूश होऊ. या कामाला ते चालत नाही. तिथे अणुघड्याळाची किंवा उपग्रहावरून येणाऱ्या वेळेची मदत घ्यावी लागते. तरीही दोघांच्या मधोमध एक पट्टा असा राहतोच, जिथे दोन्ही सारखेच जोरात येतात आणि आवाज गढूळ होतो.

नागपूरचा दुसरा आकडा

नागपूरचं नाव जगभरच्या रेडिओ-वेड्यांना ज्या आकड्यामुळे माहीत झालं, तो ५८५ नाही. तो आहे १५६६. १८ मे १९८८ला आकाशवाणीने राष्ट्रीय चॅनेल सुरू केलं. ते संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चालायचं, आणि त्यासाठी नागपूरला १००० किलोवॅटचा ट्रान्समीटर होता. नागपूर देशाच्या मध्यावर. इथून एक उडी मारली की लहर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पोचते. आणि १५६६ हा आकडा पट्टीच्या वरच्या टोकाला, दिवसा जमिनीवर लवकर दमणारा. पण हे केंद्र रात्रीचं होतं. त्याला जमीन नको होती, आकाश हवं होतं. योजना बरोबरच होती.

याच १५६६वर दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर २५० किलोवॅटचं एक ख्रिस्ती धर्मप्रसारक केंद्र आहे. ते कोरियन, चिनी आणि जपानी भाषांत बोलतं. पश्चिम आफ्रिकेत बेनिनलाही याच आकड्यावर तसंच एक केंद्र आहे. नागपूर ते जेजू अंतर सुमारे ४८०० किलोमीटर. रेखांशाचा फरक असा की जेजूचा सूर्य आपल्याआधी सुमारे तीन तास मावळतो. नागपूरला दिवेलागण होते तेव्हा तिथे चांगली रात्र झालेली असते. दोघांमधली सगळी वाट अंधारात आली की दोन्ही एकमेकांच्या अंगणात उतरू शकतात. पहाटे उलट. सूर्य आधी तिकडे उगवतो आणि तिकडचा आवाज आधी मंदावतो. दूरची केंद्रं शोधत बसणारे छंदिष्ट नेमक्या या वेळा धरून बसतात.

जानेवारी २०१९मध्ये राष्ट्रीय चॅनेल बंद झालं. खर्च आणि बदललेला काळ अशी त्यामागची कारणं. मी त्यावर टीका करायला उभा नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही जागा अशी आहे की एकाने बोलणं थांबवलं म्हणून ती शांत होत नाही. रात्री दुसरा ऐकू येऊ लागतो.

सेलूत बसून ऐकताना

आता आपल्या कामाचं. रात्री रेडिओवर घोळ ऐकू आला तर तो तीनपैकी कुठला, हे ओळखायला शिका.

पहिला घोळ घरचा. सतत गुरगुर किंवा खरखर, सगळ्या आकड्यांवर सारखी, दिवसाही. हा एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर यांचा. एकेक बंद करून बघा, किंवा सेलवरचा रेडिओ घेऊन अंगणात जा. फरक लगेच कळेल. पूर्वी दूरचं केंद्र हे मध्यम लहरींचं मोठं दुखणं होतं. आज बहुतेक घरांत हे घरचंच दुखणं जास्त आहे.

दुसरा घोळ केंद्राचा स्वतःचा. आवाज अर्ध्या-एक मिनिटात हळूहळू बुडतो, चिरका होतो, परत वर येतो. मागे दुसरं कुणी नसतं. नागपूरची जमिनीवरची लहर आणि तिचीच आकाशातून परतलेली बहीण एकमेकींशी भांडतात, त्याचा हा परिणाम. सेलूत हे जाणवणार नाही, कारण इथे जमिनीवरची लहर फार जोरदार आहे. पण गडचिरोली नागपूरपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि मेळघाटातलं धारणी सव्वादोनशेच्या पुढे. अशा अंतरांवर रात्री हा त्रास सुरू होतो. दिवसा तिथे तेच केंद्र स्वच्छ येतं.

तिसरा घोळ परक्याचा. मागे दुसरी भाषा, दुसरं गाणं, आणि तो सेकंदाचा हेलकावा. यावर घरगुती उपाय आहे. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची काळी कांडी असते, आडवी बसवलेली. तिची बाजू ज्या केंद्राकडे असेल ते जोरात येतं. तिचं टोक ज्याच्याकडे असेल ते दबतं. सेलूहून नागपूर ईशान्येला आहे. रियाध पश्चिमेला, थोडं उत्तरेकडे झुकलेलं. कांडीचं टोक तिकडे फिरवलं तर रियाध दबेल आणि नागपूरची बरीचशी ताकद तरीही मिळेल. आकाशातून येणारी लहर वरून, तिरकी उतरते. त्यामुळे ती पूर्ण नाहीशी होणार नाही, पण ऐकण्याजोगा फरक पडतो. रेडिओ फिरवायला पैसे लागत नाहीत!

हे आज का बोलायचं

युरोपातले कित्येक देश मध्यम लहरी सोडून चाललेत. जर्मनीच्या राष्ट्रीय रेडिओने २०१५च्या शेवटच्या दिवशी आपले ट्रान्समीटर बंद केले. आपल्याकडेही भर एफएमवर आहे. वीजबिल खरं आहे, सुट्या भागांची अडचणही खरी आहे. अशा वेळी एक मधला मार्ग सुचवला जातो: बंद करू नका, शक्ती कमी करा.

त्याचा हिशेब मांडून बघू. समजा ३०० किलोवॅटचं कुठलंही केंद्र १०० किलोवॅटवर आणलं. लहरीची तीव्रता तिसरा हिस्सा होत नाही. ती वर्गमुळाने घटते, म्हणजे सुमारे ५८ टक्के उरते. दिवसा, केंद्राजवळ बसून कुणी मोजलं तर तो म्हणेल, काही बिघडलं नाही. त्याचं मोजमाप बरोबरच आहे. सेलूसारख्या अंतरावरच्या गावाला खरंच काही कळणार नाही.

पण रात्री दूरच्या शेजाऱ्याने आपली शक्ती कमी केलेली नसते. ते हजारपटीचं प्रमाण जिथे टिकत होतं, ती रेषा आत सरकते. आणि त्या रेषेजवळ कोण राहतं? जिथे एफएमचा मनोरा जवळ नाही, मध्ये डोंगर आणि जंगल आहे, मोबाइलला रेंज येते-जाते, तोच माणूस. एफएमची लहर जवळजवळ नजरेच्या टप्प्यापुरती जाते. अशा मुलखात तिला मनोऱ्यामागून मनोरे लागतात. म्हणजे दिवसाच्या नकाशावर घेतलेल्या निर्णयाची किंमत रात्रीच्या नकाशाच्या कडेवरचा माणूस देतो. आणि त्याची तक्रार नागपूरला पोचली तरी तिच्यावर ‘रेडिओ तपासून घ्या’ असं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. केंद्र ठेवायचं, उतरवायचं की बंद करायचं, हे ठरवणाऱ्यांनी एक मोजणी रात्री दहा वाजता, केंद्रापासून दीडशे-दोनशे किलोमीटरवर जाऊन करावी. आणि आपण श्रोत्यांनी तक्रार करताना तारीख, वेळ, गाव आणि मागे ऐकू आलेली भाषा लिहून कळवावी. ‘आवाज नीट येत नाही’ एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही. ‘रात्री साडेनऊला मागे अरबी ऐकू येतं’ यावर अभियंता नकाशा उघडून बसतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, पाऊस झाला की दिवसा नागपूर अजून साफ येतं असं आमच्या शेतावर वाटते. हे खरं आहे काय?*

अंशतः खरं आहे. जमीन ओली झाली की ती जास्त चांगली वाहक होते आणि जमिनीवरची लहर थोडी कमी दमते. पण सेलूइतक्या जवळ हा फरक कानाला कळणं कठीण. उलट पावसाळ्यात विजांची कडकड वाढते. वीज कुठेही पडली तरी तिचा आवाज सगळ्या आकड्यांवर येतो. त्यामुळे लांबच्या श्रोत्याला पावसाळा एकूण त्रासाचाच.

*डिजिटल केलं तर ही भानगड मिटेल ना?*

आकाशवाणीने मध्यम लहरींवर डीआरएम नावाच्या डिजिटल पद्धतीचे तीसहून जास्त ट्रान्समीटर लावले आहेत. त्यात आवाज स्वच्छ येतो, हेलकावा नाही, आणि तोच कार्यक्रम देणारी केंद्रं एकाच आकड्यावर जास्त सुखाने राहू शकतात. पण आकाश तेच राहतं. परक्याचा जोर वाढला तर एएममध्ये आवाज गढूळ होतो, डिजिटलमध्ये तो एकदम बंद पडतो. गढूळ बातमी कशीबशी समजते, बंद पडलेली समजत नाही. शिवाय त्यासाठी वेगळा रेडिओ लागतो. तो गावागावात, परवडेल अशा किमतीत मिळाला पाहिजे.

*मोबाइलवर आकाशवाणीचं ॲप आहे. जगातलं कुठलंही केंद्र स्वच्छ ऐकू येतं. मग एवढा खटाटोप कशाला?*

जिथे रेंज आहे तिथे ॲप उत्तमच, खुशाल ऐका. पण दोन्हींच्या रचनेतला फरक समजून घ्या. मोबाइलवर प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळी वाट लागते, आणि त्या वाटेत कितीतरी मनोरे, तारा आणि यंत्रं असतात. वादळात, पुरात, चार दिवस वीज गेल्यावर यातली एखादी कडी तुटते. मध्यम लहरींवर एका मनोऱ्यापासून हजारो गावांपर्यंत मध्ये काहीच नसतं. ऐकणारा एक असो की दहा लाख, केंद्राला तेवढीच वीज लागते. ऐकणाऱ्याकडे दोन पेन्सिल सेल असले की झालं. रोजच्या गाण्यांसाठी तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण वाईट रात्रीसाठी दुसरी एखादी वाट उघडी असावी, आणि त्या वाटेवर परका आवाज चढू नये, एवढी काळजी आपण आत्ताच घ्यायला हवी.